डॉक्टरांसमोर ‘बरं आहे’ म्हणण्याआधी: घरच्या नोंदींची सुरुवात कशी करावी

आईची केमो चालू होती तेव्हा आम्ही निफाडहून नाशिकला जायचो. पहिले ४ डोस २१ दिवसांच्या अंतराने झाले होते. त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल या केमोच्याच औषधाचे १२, दर आठवड्याला एक. डॉक्टर विचारायचे, “काय मावशी, कसं वाटतंय?” आई म्हणायची, “बरं आहे.” रक्ताचा रिपोर्ट ठीक असला की सलाइन लागायचं.

सातव्या आठवड्यात, सकाळी निघायच्या गडबडीत आईने मला हाक मारली आणि ब्लाउजचे हुक लावून दे म्हणाली. हुक लावता लावता विचारलं, तर म्हणाली, “बोटांना कळतच नाही गं काही. तीन आठवडे झाले. फुलवाती पण होत नाहीत, आता वहिनीच करते तुझी.”

त्या दिवशी हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आईला डोळे मिटायला लावले, बोटांच्या टोकांना कापूस लावून पाहिला आणि डोस कमी केला. मला म्हणाले, “ताई, हे आधीच सांगायला हवं होतं.” या औषधाने हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. वेळेत कळलं तर डोस कमी करता येतो किंवा थोडा थांबवता येतो. उशीर झाला तर बधिरपणा महिनोन्‌महिने राहतो, काहींचा जातच नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये हे दिसत नाही. ते फक्त आईला माहीत होतं.

हा लेख त्या तीन आठवड्यांसाठी लिहिते आहे. घरात कुणाची केमो चालू असेल, गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, दमा किंवा बीपी असेल, तर घरी नोंद कशी ठेवायची आणि फोन, अ‍ॅप, आभा कार्ड (सरकारी डिजिटल आरोग्य क्रमांक) यांचा त्यात खरा उपयोग काय, हे पहिल्यांदा करणाऱ्याला समजेल असं सांगते.

आधी एक शब्द समजून घ्या

रुग्णाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या त्रासाला आणि प्रकृतीला वैद्यकात ‘पेशंट रिपोर्टेड आउटकम’ म्हणतात. मधे डॉक्टर, नर्स किंवा नातेवाईक आपला अर्थ लावत नाहीत. रुग्ण सांगेल ते, तेवढंच. मळमळ, दुखणं, थकवा, झोप, जिना चढता येतो का, या गोष्टी कुठल्याही मशिनवर दिसत नाहीत. त्या विचाराव्याच लागतात.

याचा फरक किती पडतो? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये डॉ. ईथन बाश आणि सहकाऱ्यांनी केमो घेणाऱ्या, कॅन्सर पसरलेल्या ७६६ रुग्णांचा अभ्यास केला. एका गटाने नेहमीचे १२ त्रास संगणकावर स्वतः नोंदवायचे आणि एखादा त्रास वाढला की नर्सला आपोआप ईमेल जायचा. दुसऱ्या गटाचं सगळं नेहमीसारखं. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला. नोंद करणाऱ्यांपैकी निम्मे लोक ३१.२ महिने किंवा जास्त जगले, दुसऱ्या गटातले निम्मे २६ महिने किंवा जास्त. नवीन औषध एकही नव्हतं. त्रास लवकर कळला, नर्सने फोन केला, उलटीची गोळी बदलली, माणसाला केमो जास्त दिवस सोसली. यातल्या ईमेलपेक्षा तो वाचणारी नर्स मला महत्त्वाची वाटते. पुढचं सगळं वाचताना ती लक्षात ठेवा.

पायरी १: रुग्णाला ‘कुरकुर’ करायची परवानगी द्या

अ‍ॅप उतरवण्याआधीची ही पायरी आहे आणि सगळ्यात जास्त वेळ हिलाच लागतो.

आई तीन आठवडे गप्प का राहिली, हे मी तिला नंतर विचारलं. दोन कारणं निघाली. एक, “तुम्ही सगळे एवढं करताय, त्यात मी अजून काय रडगाणं गाऊ.” दुसरं कारण ऐकून मी हादरले. तिला वाटत होतं की त्रास होतोय म्हटलं तर डॉक्टर केमो बंद करतील आणि मग आजार उलटेल. म्हणजे ती मुद्दाम लपवत होती, जगायचं होतं म्हणून.

शिवाय आमच्या घरात पहिले दोन महिने ‘कॅन्सर’ हा शब्दच कुणी तिच्यासमोर काढला नव्हता. ‘गाठीचं औषध’ म्हणायचो. खूप घरांत असंच चालतं, आणि ते प्रेमापोटीच असतं. पण ज्या माणसाला आपल्याला काय झालंय हेच सांगितलेलं नाही, त्याने कोणता त्रास महत्त्वाचा आणि कोणता किरकोळ हे ओळखायचं कसं? लपवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कसं सांगायचं हे कळत नसेल तर डॉक्टरांची किंवा रुग्णालयातल्या समुपदेशकाची मदत घ्या.

आईला मी एवढंच सांगितलं, “तुझ्या त्रासाच्या हिशोबावर डॉक्टर डोस ठरवतात. हिशोब चुकला तर डोस चुकेल.” आयुष्यभर घरखर्चाचा हिशोब ठेवलेल्या बाईला हे लगेच पटलं. तुमच्या माणसाला काय पटेल ते तुम्हाला माहीत असेल.

पायरी २: मोजक्या गोष्टी निवडा

सगळं टिपायला गेलात तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल. चार-पाच गोष्टी पुरेत. डॉक्टरांना किंवा नर्सला सरळ विचारा, “या औषधाने काय काय होऊ शकतं, त्यातलं आम्ही कशावर लक्ष ठेवू?” केमोमध्ये साधारण मळमळ, तोंड येणं, जुलाब किंवा बद्धकोष्ठता, हातापायाला मुंग्या, थकवा आणि ताप. दम्यात रात्री खोकल्याने जाग आली का आणि पंप किती वेळा लागला. गुडघ्यात दुखणं, जिना, खाली बसून उठणं.

त्यात रोजच्या कामातली एक गोष्ट रुग्णानेच निवडावी. आईसाठी फुलवाती आणि हुक. माझ्या काकांसाठी पारावर जाऊन येणं. ‘मुंग्या ४’ यातून डॉक्टरांना जेवढं कळतं, त्याहून जास्त ‘हुक लागत नाहीत’ यातून कळतं.

पायरी ३: ० ते १० मध्ये सांगायला शिकवा

० म्हणजे त्रास अजिबात नाही, १० म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. वयस्कर माणसाला हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. आई म्हणायची, “दुखण्याला कसले मार्क द्यायचे?” मग आम्ही तिच्या अनुभवातल्या खुणा बांधल्या. माझ्या वेळच्या बाळंतकळा म्हणजे १०. दाढ ठणकली होती ती रात्र ७. एकादशीला पित्ताने डोकं चढतं ते ४. दुसऱ्या दिवसापासून ती आपणहून आकडा सांगायला लागली.

दोन नियम पाळा. रोज एकाच वेळी विचारा. आम्ही संध्याकाळी दिवा लावल्यावर विचारायचो. आणि आकडा रुग्णाचाच लिहा. तिचा चेहरा पाहून मला ७ वाटत असेल आणि ती ४ म्हणत असेल, तर ४ लिहायचा. फार खटकलं तर खाली वेगळ्या ओळीत ‘मला जास्त वाटतंय’ असं लिहा, पण तिचा आकडा खोडू नका.

एका आकड्याची चढउतार रोजच होते, तिने घाबरू नका. दुखण्याच्या या पट्टीवर साधारण २ आकड्यांचा फरक पडला की तो खरा बदल मानतात.

पायरी ४: नोंद कुठे ठेवायची

सगळ्यात वाईट दिवशीही जिथे लिहिलं जाईल, ती जागा निवडा. बहुतेक लोक चांगल्या दिवशी, उत्साहात, मोठं अ‍ॅप निवडतात. उलट्या चालू असताना त्या अ‍ॅपचा पासवर्ड कुणी शोधत बसत नाही.

आम्ही सुरुवात कालनिर्णयच्या चौकटीत केली, जिथे दुधाचा हिशोब असतो तिथेच. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर मी आणि भाऊ अशा दोघांचाच ग्रुप केला. रोज एक ओळ:

“डोस ८, दिवस ३. मळमळ ५, तोंड २, मुंग्या ४, थकवा ६. ताप ९८.६. दीड भाकरी. हुक नाही लागले.”

भाऊ पुण्यात असतो. रविवारी तो या ओळी गूगल शीटमध्ये भरायचा आणि त्याचा आलेख निघायचा. दूर असलेल्या मुलामुलींना करता येण्यासारखं हे खरंखुरं काम आहे. ‘आईची काळजी घ्या’ असे मेसेज पाठवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

तुमच्या रुग्णालयाचं स्वतःचं अ‍ॅप असेल तर ते जरूर वापरा, पण पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारा: “आम्ही यात भरलेलं कोण वाचतं, आणि किती वेळात?” कुणी वाचत नसेल तर ती तुमची खासगी वही आहे असं समजा आणि फोन नंबर वेगळा मागून घ्या.

पायरी ५: तयार प्रश्नावल्या

काही आजारांसाठी वर्षानुवर्षं तपासलेल्या प्रश्नावल्या आहेत. दम्यासाठी ‘अस्थमा कंट्रोल टेस्ट’: मागच्या ४ आठवड्यांबद्दल ५ प्रश्न, गुण ५ ते २५, आणि १९ किंवा कमी आले तर दमा आटोक्यात नाही असं धरतात. गुडघ्यासाठी ‘ऑक्सफर्ड नी स्कोअर’: १२ प्रश्न, ० ते ४८, जास्त गुण म्हणजे गुडघा चांगला.

मनासाठी, म्हणजे नैराश्य ओळखायला, ‘पीएचक्यू-९’. मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी बोलायला हवं. ही प्रश्नावली वापरायला पैसे किंवा परवानगी लागत नाही. लांबलेल्या आजारात शरीराची चौकशी सगळे करतात, मनाची कुणी करत नाही, म्हणून ही महिन्यातून एकदा तरी भरा. काळजी घेणाऱ्यानेही भरावी. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर ० सोडून काहीही आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा आणि माणसाला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

प्रश्न घरीच भाषांतर करून वापरू नका. शब्द बदलला की उत्तर बदलतं. तपासलेलं मराठी रूप आहे का, ते डॉक्टरांकडे मागा. वाचून दाखवायची वेळ आली तर जसाच्या तसा वाचा, “म्हणजे तुला थोडंसंच होतंय ना?” असं जोडू नका.

पायरी ६: घरची मशिनं

थर्मामीटर डिजिटल घ्या, केमोच्या घरात ते सगळ्यात महत्त्वाचं. ऑक्सिमीटर लावताना बोट गार नको आणि नेलपॉलिश नको.

बीपीचं मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर पट्टा मोठा लागतो, लहान पट्ट्याने बीपी खोटंच जास्त दिसतं. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसा. दंड छातीच्या उंचीला ठेवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, ७ दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी ही सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी वाढलेलं मानतात. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर कोणत्या हाताला पट्टा बांधायचा ते आधी विचारून घ्या.

पायरी ७: फोन कधी करायचा ते आजच ठरवा

रात्री दोन वाजता ठरवायला बसलात तर सगळे म्हणतील, “सकाळी बघू.” म्हणून डॉक्टरांकडून मर्यादा लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा. कोणत्या आकड्याला दुसऱ्या दिवशी फोन, कोणत्याला लगेच निघायचं.

केमोत एक मर्यादा सगळ्यांसाठी सारखी धरा. ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा वर गेला की रात्र असो, सण असो, लगेच रुग्णालयाला कळवा आणि निघा. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, संसर्ग काही तासांत अंगभर पसरू शकतो. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. ताप उतरलेला दिसतो, संसर्ग आत वाढत राहतो. श्वास लागणं, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, न थांबणारं रक्त यांसाठी १०८. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये ‘ताप १०१’ असं लिहिलं म्हणजे डॉक्टरांना कळवलं, असं होत नाही. फोनच करा.

पायरी ८: आभा आणि कागदपत्रं

आभा म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला १४ अंकी आरोग्य क्रमांक. हे मिशन देशभर २७ सप्टेंबर २०२१ ला सुरू झालं. पुष्कळ लोक याला ५ लाखांचं आयुष्मान कार्ड समजतात. ते वेगळं, विमा योजनेचं. आभाने पैसे मिळत नाहीत. तुमचे रिपोर्ट वेगवेगळ्या दवाखान्यांत असतात, ते या क्रमांकाला जोडले जाऊन तुमच्या फोनवर दिसू शकतात, एवढं त्याचं काम. जिथली यंत्रणा जोडलेली नाही तिथले रिपोर्ट दिसणार नाहीत.

आधार वापरून आभा अ‍ॅपमध्ये तो काढता येतो. अनेक सरकारी रुग्णालयांत ओपीडीच्या खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला असतो. तो अ‍ॅपने स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप जातो, टोकन मिळतं आणि केसपेपरच्या रांगेतला वेळ वाचतो. आजारी माणसाला उभं राहावं लागत नाही, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. आभा काढणं सक्तीचं नाही. दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट बघायचे असतील तर तुमच्या संमतीची विनंती येते. कोणते रिपोर्ट आणि किती दिवसांसाठी हे वाचूनच हो म्हणा. दिलेली संमती नंतर काढून घेता येते.

तोवर प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल सोडू नका. प्रत्येक कागदाचा सरळ, उजेडात फोटो काढा आणि नावात आधी तारीख टाका, म्हणजे सगळं आपोआप क्रमाने लागतं.

गावाहून जाणं जमत नसेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर सरकारी डॉक्टरांचा मोफत व्हिडिओ सल्ला मिळतो. चालू औषधांची यादी आणि शेवटच्या आठवड्याची नोंद समोर ठेवून बसा.

पायरी ९: डॉक्टरांसमोर

वही पुढे करू नका. गर्दीच्या ओपीडीत ती वाचायला वेळ नसतो. एका पानावर, किंवा फोनच्या एका स्क्रीनवर मावेल एवढंच न्या, आणि बसल्याबरोबर पहिलं वाक्य बदलाचं बोला: “मुंग्या दोन आठवड्यांत २ वरून ५ झाल्या, हुक लावता येत नाहीत.” मग एक प्रश्न: “यासाठी डोस बदलावा लागेल का?” बोलायची संधी आधी रुग्णाला द्या. आई नंतर नंतर स्वतःच म्हणायला लागली, “डॉक्टर, हात पाच.”

एखादे डॉक्टर कागद बघायला नाखूश असतात. वाद न घालता तेच वाक्य पुन्हा, सावकाश म्हणा, आणि केसपेपरवर लिहायची विनंती करा. लिहिलेलं पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनाही दिसतं.

पायरी १०: ही माहिती कुणाची?

ज्याचं शरीर त्याची. आईच्या जुलाबांचा आकडा ४० जणांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा हक्क मला नाही. कुणाला काय सांगायचं हे तिला विचारून ठरवा. अनोळखी मोफत अ‍ॅप संपर्क यादी, लोकेशन मागत असेल तर आजाराच्या नोंदीसाठी त्याची गरज नसते, नकार द्या. आणि फोनला लॉक लावा.

तुमचा छोटा दवाखाना असेल तर

एकच आजार घ्या. बाकावर थांबलेल्या रुग्णाला नर्सने दोन प्रश्न विचारावेत, आकडा केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लिहावा, मागच्या वेळचा त्याच्या शेजारी. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एप्रिल २००९ पासून गुडघा आणि खुब्याच्या ऑपरेशनआधी आणि काही महिन्यांनी नंतर रुग्णांकडून प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात झाली. आपल्याकडे एका ऑर्थोपेडिक दवाखान्यालाही हे करता येईल. ऑक्सफर्डसारख्या काही प्रश्नावल्यांना परवानगी घ्यावी लागते. आकडा वाढला तर कोणी, कधी फोन करायचा हे ठरलेलं नसेल, तर मात्र प्रश्न विचारूच नका. रुग्ण एकदा, दोनदा खरं सांगतो. काहीच झालं नाही की तिसऱ्या वेळी “बरं आहे” म्हणतो.

उपचार संपल्यावर

नोंद लगेच थांबवू नका. नसांचा त्रास शेवटच्या डोसनंतरही काही आठवडे वाढू शकतो. आम्ही रोजची नोंद आठवड्यावर आणली, सहा महिन्यांनी महिन्यावर. बधिरपणात गरम पातेलं, चूल, अनवाणी चालणं यांना जपावं लागतं, म्हणून ‘भाजलं का, लागलं का’ हा एक प्रश्न वाढवला. फॉलोअपला जाताना शेवटच्या तीन महिन्यांचं एक पान सोबत असतं. मागच्या महिन्याची नोंद आईने स्वतः लिहिली आहे, अक्षर थोडं वाकडं आहे: “हात २. पाय ३. फुलवाती ११ केल्या.”